वीज पडलेल्या माणसाला हात लावावा की नाही?

वैशाखातला वळीव सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी विजेबद्दलच्या सूचना मोबाइलवरून फिरू लागतात. त्या बहुतेक निरुपद्रवी असतात, म्हणून आजवर मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. यंदा मात्र माझ्या मावसभावाने त्यांतली एक सूचना दूध संस्थेच्या फळ्यावर, रोजचा फॅट आणि दर लिहितात त्याच्या शेजारी, खडूने उतरवून काढली: "वीज पडलेल्या माणसाच्या अंगात ५ कूलोम करंट दोन तास राहतो. त्याला हात लावू नये. गळ्यापर्यंत शेणात पुरावे, शेण करंट ओढून घेते." खाली मोबाइल आणि रबरी चपलांविषयी आणखी दोन ओळी होत्या. विचारले तर म्हणाला, "दादा, आलं तसं लिहिलंय. चुकलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?" पुष्कळ बिघडणार आहे, आणि दोन्ही वेळा दूध घालायला येणारे सगळे तो फळा वाचतात.

मुळात "५ कूलोम करंट" हेच चूक आहे. करंट, म्हणजे विद्युतधारा, अँपिअरमध्ये मोजतात. कूलोम हे विद्युतप्रभाराचे, म्हणजे चार्जचे, एकक आहे. एक अँपिअरची धारा एक सेकंद वाहिली की एक कूलोम प्रभार पुढे सरकतो. पाचाचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, हे कबूल करायला हवे. विजेच्या पहिल्या मोठ्या झटक्यात साधारण तेवढा प्रभार ढग आणि जमीन यांच्यात वाहतो. संदेश रचणाऱ्याने हा वाहून गेलेला प्रभार साठलेला मानला, आणि सगळा घोळ तिथेच झाला. खानापूरच्या पुलाखालून मलप्रभेचे किती पाणी गेले हे मोजता येते, म्हणून ते पाणी पुलात साठले असे कोणी म्हणत नाही.

साठला तर काय होईल, तेही पाहू. मावसभावाची मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आहे आणि तिच्या दप्तरात एनसीईआरटीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक आहे. त्याचे पहिलेच प्रकरण पुरेसे आहे. शार्ल कूलोम यांनी १७८५ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे दोन प्रभारांमधील बल त्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एक-एक कूलोमचे दोन प्रभार एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर त्यांच्यात ९०० कोटी न्यूटन बल असते. आता फळ्यावरचे ५ कूलोम माणसाच्या अंगात निम्मे छातीत आणि निम्मे पायांत, मध्ये एक मीटर अंतर, असे वाटून द्या. दोन्ही प्रभार एकाच जातीचे, म्हणजे ते एकमेकांना ढकलणार, आणि ढकलण्याचे बल भरते सुमारे ५७ लाख टनांच्या वजनाएवढे. दहा टन उसाने भरलेल्या पावणेसहा लाख ट्रॉल्या डोळ्यांपुढे आणा. असा माणूस दोन तास काय, क्षणभरही अखंड राहणार नाही. त्याला हात लावावा की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

इतका प्रभार अंगावर टिकणेही शक्य नाही. विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या पुढे गेले की कोरडी हवासुद्धा तग धरत नाही, ठिणगी पडून प्रभार निसटतो. या हिशेबाने एकच कूलोम धरून ठेवायला सुमारे ५५ मीटर त्रिज्येचा धातूचा गोळा लागेल. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच आहे, म्हणजे त्याहूनही अधिक. थंडीत लोकरी स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो, त्या वेळी अंगावरचा प्रभार बहुधा एका कूलोमच्या दहा लाखाव्या भागाएवढाही नसतो. त्याच पुस्तकातील एका उदाहरणानुसार एखाद्या वस्तूतून दर सेकंदाला १०० कोटी इलेक्ट्रॉन बाहेर पडत राहिले, तरी एक कूलोम भरायला सुमारे १९८ वर्षे लागतात. वळवाच्या पावसात भिजलेला माणूस ओल्या मातीवर पडलेला असतो. त्याच्या अंगावर काही उरले असलेच, तर ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत जमिनीत जाते. शेणाला ओढायला काहीच शिल्लक नसते.

शेणाची ओळ मला सर्वांत घातक वाटते. विजेने माणूस दगावतो तो मुख्यतः हृदय आणि श्वास थांबल्यामुळे. हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास त्याहून जास्त वेळ बंद राहतो, आणि त्या मधल्या मिनिटांत कोणी श्वास दिला नाही तर हृदय दुसऱ्यांदा थांबते. नेमक्या त्याच वेळी आपण खड्डा खणायचा, गाडीभर शेण आणायचे, छातीवर त्याचा भार टाकायचा आणि भाजलेल्या कातडीला धनुर्वाताचे निमंत्रण द्यायचे! करायचे ते असे: ताबडतोब हात लावावा, श्वास पाहावा, तो नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावेत, शिकलेले असेल तर तोंडाने श्वासही द्यावा, आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. अनेकांना एकदम मार बसला असेल, तर विव्हळणाऱ्यांआधी निपचित पडलेल्यांकडे जावे; विजेच्या बाबतीत नेहमीचा क्रम उलटा असतो.

"हात लावू नये" यात अर्धे सत्य आहे, पण ते दुसऱ्या प्रसंगाचे आहे. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला किंवा तुटलेल्या तारेला कोणी चिकटला असेल, तर धारा अजून वाहत असते. तिथे पुरवठा तुटेपर्यंत खरोखरच हात लावू नये. आकाशातील वीज पडली की संपते.

मोबाइलची ओळ सांगते की बॅटरीत १८,००० कूलोम असतात म्हणून मोबाइल वीज ओढतो. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा आकडा बरोबर आहे, पण तो बॅटरीतून वाहू शकणाऱ्या प्रभाराचा आहे. बॅटरीवर एकूण प्रभार शून्यच असतो. गडगडाटात चार्जरला जोडलेला फोन हातात धरू नये, इतकेच. रबरी चपला विजेपासून वाचवतात या ओळीबद्दल फार लिहीत नाही: जी वीज किलोमीटरभर हवा फोडून खाली येते, ती बोटभर रबरापाशी थांबत नाही.