स्कॅनरवर बूस्ट नॉर्मल दिसतो म्हणजे बॉक्स काहीच करत नाही, असं नाही

भाऊ, तुमचं म्हणणं असं की गाडीची पॉवर वाढवायचा पिगीबॅक बॉक्स लावून तुम्ही स्कॅनर जोडला तर बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) कंपनीएवढाच दिसला, म्हणजे पिगीबॅक हा नुसता पैसे उकळायचा धंदा, आणि काही करत असला तरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांभाळून घेतोच, मी उगाच लोकांना घाबरवतोय.

अहो पण स्कॅनर स्वतः प्रेशर मोजत नाही ना, ईसीयूला जे कळतं तेच तो दाखवतो. आणि बॉक्स बसतो सेन्सर आणि ईसीयूच्या मधे. समजा ईसीयूला 1 बार बूस्ट पाहिजे, बॉक्स सेन्सरचं व्होल्टेज थोडं पाडून पुढे पाठवतो, खरं 1 असताना ईसीयूला 0.8 दिसतं, मग तो वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला बगल देऊन सोडणारी झडप) अजून बंद ठेवतो आणि त्याला 1 दिसेपर्यंत खरं 1.2 झालेलं असतं. तुमच्या स्क्रीनवर 1च येणार.

सांभाळून घेतो हे अर्धं खरं. ओव्हरबूस्ट कट, म्हणजे बूस्ट फार वाढला की पॉवर तोडणारं संरक्षण, समजा 1.3 ला असेल तर तो आता खऱ्या 1.5 ला लागेल, कारण तो पण त्याच सेन्सरच्या भरवशावर. नॉक सेन्सरला मात्र बॉक्स हात लावत नाही, म्हणून पेट्रोल गाडीत जळगावच्या मे महिन्यात 45 डिग्रीला इंटरकूलरमधून (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) हवाच गरम आली की नॉक होतो, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि वाढलेली पॉवर बरीचशी जाते, पण इंजिन वाचतं.

माझी खरी काळजी डिझेलची आहे. तिथे स्वस्तातले बॉक्स रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) सिग्नल कमी दाखवतात, पंप प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो पण डिझेल जास्त जातं. ईसीयूच्या हिशोबात ते जास्तीचं डिझेल नाहीच, म्हणून डॅशबोर्डवरचं मायलेज पण खोटं चांगलं दिसतं आणि लोक खुश होतात!! रीमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलण्यात, निदान ईसीयूला खरा आकडा माहीत असतो, म्हणून मी दोन्ही एका मापात मोजत नाही.

बूस्टचं खरं बघायचं असेल तर इंटरकूलरनंतरच्या होजला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून साधा मेकॅनिकल गेज लावा, चाळीसगावहून कन्नड घाट फुल लोडवर चढा, शेजारच्याला स्कॅनर आणि गेज दोन्ही बघायला सांगा आणि दोन्ही आकडे इथे टाका.