प्रांताला नकार देता येत नाही, अटी घालता येतात
कॅनडात पाइपलाइन दोन प्रांतांतून जात असेल तर प्रांतांना बोलण्याचा अधिकारच उरत नाही, हे लेखातील विधान मला पटत नाही. ट्रान्स माउंटन या तेलाच्या पाइपलाइनच्या प्रकरणात जड तेलासाठी स्वतंत्र परवाना सक्तीचा करू पाहणाऱ्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे अपील कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये फेटाळले, हे खरेच. मात्र २०१६ मध्ये, नॉर्दर्न गेटवे या दुसऱ्या नियोजित पाइपलाइनच्या वेळी, पर्यावरणीय निर्णय केंद्राच्या ऊर्जा मंडळावर सोपवून प्रांताला हात झटकता येणार नाहीत, असे त्याच प्रांतातील न्यायालयाने बजावले होते. ट्रान्स माउंटनच्या, याच प्रांतातील बर्नाबीच्या धक्क्यावर टँकरमध्ये भरले जाणारे बिटुमेन (डांबरासारखे जड तेल) बरार्ड खाडीत सांडले, तर पहिला फटका तिथल्याच किनाऱ्याला बसेल; शिवाय २०१८ मध्ये केंद्रानेच ट्रान्स माउंटन पाइपलाइन विकत घेतल्याने मंजुरी देणारा आणि मालक एकच झाला, म्हणून प्रांताच्या अटी मला अत्यावश्यक वाटतात.