‘गजराज’ सोनेगावलाच हवं होतं म्हणणाऱ्यांसाठी

वायुसेनेचा विषय निघाला की आपल्याकडे एक तक्रार ठरलेली असते. नागपूर देशाच्या ऐन मध्यावर, मग ते अजस्र रशियन मालवाहू विमान ‘गजराज’, म्हणजे इल्युशिन-७६, इथल्या सोनेगाव विमानतळावरून चंदीगडला कायले नेलं? झिरो माइलचा अभिमान मलाही आहे. १९४९ पासून रात्रीच्या टपालासाठी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं इथेच जमायची आणि थैल्यांची अदलाबदल करून परतायची. तिथे मध्यावर असण्याला अर्थ होता, कारण टपाल चारही दिशांनी येत होतं. फौजेचं सामान तसं येत नाही.

ज्या ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे इल्युशिन-७६ आहे, तिची स्थापनाच मुळी चंदीगडची, एप्रिल १९६१ मधली. तेव्हा तिच्याकडे अँटोनोव्ह-१२ होती. दीड वर्षात चीनशी युद्ध पेटलं आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये याच विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे लडाखात चुशूलला उतरवले. १९७१ मध्ये तर याच मालवाहू विमानांनी मागच्या दारातून बॉम्ब टाकले आणि कमांडिंग ऑफिसर विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. १९८५ मध्ये इल्युशिन आलं, त्याचं नाव ‘गजराज’ पडलं. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री दोन ‘गजराज’ आग्र्याहून पॅराट्रूपर घेऊन सुमारे २६०० किमी दूर मालदीवच्या हुलहुले विमानतळावर उतरले. स्क्वाड्रनचे प्रमुख होते ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर. आता आग्र्याहूनच का? कारण पॅराशूट ब्रिगेड आग्र्यात होती. माल जिथे, विमान तिथे. सगळं यातच आलं.

आता हिशेब मांडू. उत्तरेच्या फौजेचं सामान रेल्वेने आणि रस्त्याने चंदीगडला येतं. तिथून लेह हवाई मार्गाने चारशे किमीच्या आत. विमान नागपूरला ठेवलं तर आधी रिकामंच सुमारे ११०० किमी उडवायचं, काम झालं की तेवढंच परत. चार इंजिनं मिळून ताशी आठ-नऊ टन इंधन पितात. जाऊन-येऊन तीन तास धरा, म्हणजे एक पोतंही न हलवता पंचवीसेक टन इंधन जळालं.

दुसरा गोंधळ ‘गजराज ४५ टन उचलतो’ या आकड्याचा. कागदावर विमानाची क्षमता तेवढी आहे, पण प्रत्येक फेरीला तेवढा माल जात नाही. लेहची धावपट्टी ३२५० मीटर उंचीवर. उन्हाळ्यात तिथे तापमान वीस अंशांवर गेलं की इंजिनाला मिळणारी हवा ४२०० मीटरवर असते तितकी विरळ होते. जोर कमी, पंखांना उचलही कमी, आणि जमिनीवरून धाव मात्र लांबते. म्हणून लेहच्या फेऱ्या भल्या पहाटे सुरू होतात आणि वारा उठायच्या आत आटोपतात. शक्य तिथे इंजिनं चालू ठेवूनच माल उतरवतात, कारण विरळ हवेत एखादं इंजिन परत सुरू व्हायला रुसलं तर विमान तिथेच अडकतं आणि मागच्या विमानाला उभं राहायला जागा उरत नाही. सोनेगावचंही ऐका: मे महिन्यात ४५ अंशांवर इथली हवा विमानाला जवळपास १५०० मीटर उंचीवरची वाटते. ३२०० मीटरची धावपट्टी आहे म्हणून निभतं, पण वजनाला कात्री लागतेच.

खरी परीक्षा असते ती लोडमास्टरची, म्हणजे विमानात माल चढवून बांधणाऱ्याची. मालकक्ष २० मीटर लांब आणि ३.४५ मीटर रुंद. बीएमपी-२ या फौजेच्या चिलखती गाडीची रुंदी ३.१५ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा जागा नाही. रॅम्पवर गाडी चढते तेव्हा चालकाला भिंती दिसत नाहीत, दिसतात फक्त समोर उभ्या माणसाचे हात. मधेच स्टिअरिंग फिरवायचं नाही; तिरकी वाटली तर मागे घ्या, सरळ करा, पुन्हा चढा. चौदा टनांची गाडी रॅम्पच्या टोकावर असताना शेपूट खाली बसू नये म्हणून मागे टेकू हवाच. आत आल्यावर ती नेमक्या खुणेवर थांबली पाहिजे. मीटरभर मागे राहिली तरी गुरुत्वमध्य सरकतो आणि उड्डाणाच्या वेळी नाक वर जाण्याचा कल वाढतो. मग साखळ्या: पुढे-मागे, डावी-उजवी, जोडीजोडीने आणि समान कोनात. एक ढिली राहिली तर धक्क्याचा सगळा भार शेजारचीवर जातो आणि आधी ती तुटते. सामानाचं वजन कुणी ‘अंदाजे’ लिहून दिलं असेल तर चांगला लोडमास्टर ते पुन्हा तोलायला लावतो, समोर कितीही मोठा साहेब असो.

तेव्हा विमान कुठे ठेवलंय यापेक्षा किती उडतंय ते विचारा. इल्युशिनची रचना मॉस्कोची, जुळणी ताश्कंदची. सोव्हिएत संघ फुटला आणि सुटे भाग दोन देशांत विभागले गेले. २०१० ते २०१६ या काळात सरासरी निम्म्याहून कमी ‘गजराज’ उड्डाणायोग्य होती, हे कॅगनेच नोंदवलंय. एक विमान उडवायला दुसऱ्याचे भाग काढायचे, हा उपाय जगभर चालतो, पण त्यात मेहनत दुप्पट आणि जमिनीवरचं विमान आणखी खोलात जातं. २०१३ पासून दिल्लीजवळच्या हिंडन तळावर बोईंगचं सी-१७ आलं, ७७ टन उचलतं, म्हणून भार हलका झाला. पण ती अकराच आहेत आणि बोईंगने त्यांचं उत्पादनही बंद केलंय.

आणि गंमत बघा, हे भाग, साठे, दुरुस्ती ज्या मेंटेनन्स कमांडच्या अखत्यारीत येतं, तिचं मुख्यालय आपल्याच वायुसेना नगरात आहे. नागपूरने हट्ट धरायचाच तर अवजड विमानांच्या दुरुस्तीच्या कामाचा धरावा. इथल्या मिहान प्रकल्पात बोईंगने एअर इंडियासाठी उभारून दिलेलं विमान दुरुस्ती केंद्र आहे, हे खरं. पण इल्युशिनला जॅक वेगळे, चाचणीची यंत्रं वेगळी आणि त्या विमानावर हात बसलेले तंत्रज्ञही वेगळे लागतात. नुसतं हँगर आहे म्हणून ते काम इथे येणार नाही, त्यासाठी माणसं आधी तयार करावी लागतील.