एसीओएस साठ म्हणजे नफा? मावशी, थांब!

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अगं, वीस हजार बाजूला काढलेत. लावू का जाहिरात?" तिच्या आठवणींचं ई-पुस्तक किंडलवर येऊन दोन महिने झालेत, आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोय: अॅमेझॉनवर जाहिरात लावा, स्वतःचं पुस्तक विका, महिन्याला पन्नास हजार कमवा. माझ्याकडेही तो तीनदा आलाय. आता उत्तर द्यायलाच हवं.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य असं: ‘एसीओएस शंभरच्या खाली असला की तुम्ही नफ्यात. साठ आला तर शंभरातले चाळीस रुपये तुमचे.’ हे धडधडीत खोटं आहे. एसीओएस म्हणजे जाहिरातीतून झालेल्या विक्रीच्या किती टक्के रक्कम जाहिरातीवर गेली, तो आकडा. ही विक्री पुस्तकाच्या किमतीवर मोजतात. लेखकाच्या हातात मात्र रॉयल्टी, म्हणजे किमतीतला त्याचा वाटा पडतो, पूर्ण किंमत नाही!

त्यात मेसेज म्हणतो, किंमत ₹79 ठेवा, स्वस्त असलं की खपतं. केडीपीच्या, म्हणजे अॅमेझॉनवर स्वतःचं पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेच्या, नियमांत स्वच्छ लिहिलंय की भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर किंमत किमान ₹99 हवी आणि पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-पुस्तक फक्त अॅमेझॉनलाच द्यायच्या योजनेत हवं. नाहीतर 35 टक्के. ₹79 चे 35 टक्के होतात ₹27.65. एसीओएस साठ असेल तर त्याच प्रतीवर जाहिरातीचे ₹47.40 गेलेले असतात. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे जवळजवळ वीस रुपये पदरचे. खप वाढेल तसा खड्डा वाढत जाणार.

बरं, किंमत ₹99 करू. 70 टक्क्यांच्या पर्यायात फाइल पोचवायचे एमबीमागे ₹7 आधी वजा होतात. मावशीच्या पुस्तकात शाळेचे जुने फोटो भरपूर आहेत. फाइल पाच एमबीची धरली तर 99 मधून 35 गेले, उरलेल्या 64 चे 70 टक्के, ₹44.80. जाहिरातीवरच्या एका क्लिकला पाच रुपये आणि वीस क्लिकमागे एक खरेदी धरून बघा. शंभर रुपये घालून पंचेचाळीसही हाती येत नाहीत. वीस हजार असेच जातील.

सिलेक्टमध्ये गेलं की 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही डिजिटल स्वरूपात ठेवता येत नाही, हे मेसेजमध्ये नाही. मावशी तर ओळखीच्यांना पीडीएफ वाटत बसली होती.

‘केडीपीवरच छापील प्रतही काढा’ असा सल्ला मराठी लेखकांना कोण देतं? केडीपीवर मराठी फक्त ई-पुस्तकासाठी चालते.

‘पहिले दहा रिव्ह्यू घरच्यांकडून घ्या’ हे तर नियमाविरुद्धच आहे. जवळच्या नातेवाइकांचे रिव्ह्यू अॅमेझॉनला चालत नाहीत, काढून टाकले जातात. आणि एकदा पुस्तकाचा अॅमेझॉनच्या विक्रीच्या यादीतला रँक वर गेला की जाहिरात बंद केली तरी विक्री चालू राहते म्हणे! रँक ताज्या विक्रीवर ठरतो. विक्री थांबली की तो घसरतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. जाहिरात नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत, क्लिक झाला तरच लागतात, हे खरं आहे. एकाच मालिकेची चार-पाच पुस्तकं असतील तर पहिल्यावरचा तोटा पुढच्या पुस्तकांतून भरूनही निघू शकतो. किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं वाचायच्या सेवेत, वाचलेल्या पानांचे पैसे एसीओएसच्या हिशोबात धरले जात नाहीत, त्यामुळे कधीकधी तो आकडा आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. पण मावशीचं पुस्तक एकच आहे.

तिला मी फोनवरच कागद-पेन घ्यायला लावलं आणि ₹79 चा हिशोब तिच्याकडूनच करवून घेतला. गणिताचीच शिक्षिका ती. ₹47.40 लिहून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आधी फोटो लहान करून देतेस का?" रविवारी जातेय तिच्याकडे.