जेडाय की सिथ? वादाला बसण्यापूर्वी

‘स्टार वॉर्स’ सिनेमांमधल्या जेडायांचं (आकाशगंगेचे रक्षक) जास्त चुकलं की सिथांचं (त्यांचे काळ्या शक्तीवाले वैरी), या वादात उतरायचं ठरवलंच असेल तर आधी बाजू निवडून टाका. सिनेमे नंतर बघितलेत तरी चालेल. तत्त्वज्ञान तपासून बाजू निवडली असं लोक सांगतात, ते मनावर घेऊ नका. आठव्या वर्षी हातात जेडायांचा निळा लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) आला की सिथांचा लाल, यावर माणसाचं तत्त्वज्ञान ठरतं.

जेडायांकडून भांडणार असाल तर अ‍ॅनाकिनच्या आईची तयारी करून जा, कारण समोरचा तिथूनच सुरुवात करतो. नऊ वर्षांचा हा पोरगा (हाच पुढे सिथ होऊन डार्थ व्हेडर झाला) जेडायांनी टॅटूइन या वाळवंटी ग्रहावरून उचलून आणला, आई मात्र तिथेच गुलामीत ठेवली. तिला सोडवायचं तर त्याला आणणाऱ्या क्वाय-गॉन या जेडायकडे पैसे होते प्रजासत्ताकाचे, आणि तिचा मालक वॉटो म्हणाला की हे आमच्याकडे चालत नाहीत. आकाशगंगेच्या रक्षकांचं घोडं सुट्ट्या पैशांवर अडलं. पुढची दहा वर्षं राजधानी कोरसांटवरच्या त्या भल्यामोठ्या जेडाय मंदिरातून एकही जण चालणारे पैसे घेऊन परत गेला नाही. अखेर तिला विकत घेऊन मोकळं केलं, लग्नही केलं, ते क्लेग लार्सने. हा कोण? वाळवंटातल्या हवेतून पाणी काढणारा शेतकरी. कुठलं मंदिर नाही, मंडळ नाही, तलवार नाही. यावर जेडायांच्या नियमातलं तुमचं उत्तर एकच: ‘आसक्ती वाईट.’ डोळे अर्धवट मिटून, शक्यतो जेडायांच्या योडा गुरूसारखं क्रियापद पुढे घेऊन म्हणा. अर्ध्या लोकांना ते खोल वाटतं.

मग सैन्याचा विषय निघेल. दोन लाख क्लोन सैनिक तयार, आणखी दहा लाख वाटेवर, ऑर्डर जेडाय मंडळाच्याच एका सदस्याच्या नावावर. तो सदस्य जवळजवळ दहा वर्षांपूर्वीच वारलेला. आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला तरी चिटणीस विचारतो, कोणी मागवला, पैसे कोणी दिले? इथे सैन्य आलं तेव्हा मंडळाने ते घेऊन थेट युद्ध सुरू केलं. ‘वेळच तशी होती’ म्हणा आणि लगेच चहा मागवा.

पाल्पटिनचं काय, असं विचारलं तर घाबरू नका. ज्याला शोधत होते तो सिथ त्याच शहरात, प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, म्हणजे चॅन्सेलरच्या खुर्चीत, आणि मंडळी तेरा वर्षं त्याच्याकडे बैठकांना जात होती. पण अधिकृत खुलासा तयार आहे: काळ्या शक्तीमुळे सगळं धूसर झालं होतं. एवढी सवलत हवामान खात्यालाही मिळत नाही, तेव्हा बिनधास्त वापरा.

टोकाचा विचार फक्त सिथच करतात, या जेडाय ओबी-वानच्या टोकाच्या वाक्यावरचा विनोद मात्र करू नका. तो 2005 पासून फिरतोय. आता त्याच्यावर सिथवालेसुद्धा हसत नाहीत.

सिथांची बाजू घ्यायची तर काम सोपं आहे, फक्त निर्लज्जपणा लागतो. एका वेळी एक गुरू, एक शिष्य, आणि शिष्याने गुरूला मारून वर चढायचं, हा जुन्या सिथ गुरू डार्थ बेनचा नियम. याला ‘गुणवत्तेवर बढती’ म्हणा. ऑपेरा बघता बघता पाल्पटिन अ‍ॅनाकिनला गोष्ट सांगतो, की एका महान सिथ गुरूला त्याच्या शिष्याने झोपेत मारलं. झोपलेल्या म्हाताऱ्याला मारण्यात कसली गुणवत्ता, असं कुणी विचारलंच तर ‘वेळेचं भान’ म्हणून सांगा. अ‍ॅडमिरल ओझेलचा गळा व्हेडरने हात न लावता, व्हिडिओच्या पडद्यावरून आवळला आणि त्याच क्षणी पिएटला बढती दिली, हे ‘तत्काळ निर्णय’ या सदरात घाला. कॅप्टन नीडा तर माफी मागायला स्वतः गेला होता, तरी मेला. त्याचं नाव काढू नका.

अडचण एकाच ठिकाणी येते. सिथांचं सगळं आकर्षण स्वातंत्र्याचं: आवेगातून बळ, बळातून विजय, विजयातून बेड्या तुटणार. आणि त्यांचा सगळ्यात गाजलेला माणूस, व्हेडर, बावीस-तेवीस वर्षं श्वासाच्या यंत्रात बंद, मालक पाल्पटिनचा चेहरा दिसला की गुडघ्यावर. लहानपणी वॉटोकडे होता तेव्हा निदान गुडघे टेकावे लागत नव्हते. याला उत्तर नाही. अशा वेळी संदर्भग्रंथांकडे वळा. 2014 साली जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स एका झटक्यात ‘दंतकथा’ ठरवल्या गेल्या, त्यामुळे समोरच्याचा कुठलाही पुरावा दंतकथा आणि तुमचा मूळ, असं म्हणायची सोय झाली आहे.

संख्याबळ हवं असेल तर ते जेडायांकडे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2001 च्या जनगणनेत 3 लाख 90 हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात जेडाय लिहिलं. सरकारने त्यांना ‘धर्म नाही’ या गटात टाकलं. सिथवाल्यांनी नियमाप्रमाणे दोनच फॉर्म भरले असणार.

आणि वादाला मोठ्या माणसांच्या घरात बसू नका. गेल्या गणपतीत मी आणि मामेभाऊ आरास सांभाळायच्या नावाखाली रात्री दीडपर्यंत भांडत होतो. तो सिथवाला. मी आसक्तीवर आलो होतो, तो बेड्यांवर. मामी समईत तेल घालायला उठली, पाच मिनिटं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “त्या पोराच्या आईला आणायला गेलं का रे कुणी?”

“नाही ना!” मामेभाऊ मांडीवर थाप मारून ओरडला. “हेच तर सांगतोय याला मघापासून!”

“मग तुझ्यावाल्यांनी आणलं वाटतं?”

तो गार झालेल्या चहाकडे बघायला लागला. मी ‘आसक्ती’ हा शब्द तोंडात तसाच धरून ठेवला. मामीने वात सारखी केली, आमचे दोन्ही कप उचलले आणि जाताना ट्यूबलाइट घालवली.