चेस्की तेशीनचा टाउन हॉल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चेस्की तेशीन या पोलंडच्या सीमेवरच्या चेक शहराच्या टाउन हॉलवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. जी इमारत जुन्या धाटणीची नक्कल करून १९२८-२९ मध्ये उभी राहिली, तिला कसला आलाय इतिहास, हा पहिला. आणि नदीच्या एका काठाला पोलिश, दुसऱ्या काठाला चेक अशी वस्ती होतीच, १९२० मध्ये नुसती रेघ ओढली गेली, हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिला त्याच्यावरच उभा आहे.

ती नदी, ओल्झा, भाषेची हद्द कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी, ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात असताना, टेशेन (तेशीनचं जर्मन नाव) हे दोन्ही काठांवर पसरलेलं एकच शहर होतं. १९१० च्या जनगणनेत शहरात बहुसंख्य होते जर्मन बोलणारे, आणि पोलिश बोलणारी खेडी नदीच्या अलीकडेही होती, पलीकडेही. ५ नोव्हेंबर १९१८ ला इथल्याच पोलिश आणि चेक समित्यांनी वस्ती पाहून आपसांत वाटणी केली, तेव्हा अख्खं शहर पोलिश बाजूला गेलं होतं. २३ जानेवारी १९१९ ला चेकोस्लोव्हाक सैन्य पुढे सरकलं आणि ती वाटणी मोडली. सार्वमत घ्यायचं ठरलं, तेही झालं नाही. अखेर २८ जुलै १९२० ला महायुद्ध जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेने शहराच्या मधोमध, नदीवरून सीमा आखली: पूर्व काठ पोलंडला, पश्चिम काठ चेकोस्लोव्हाकियाला. यात निर्णायक ठरली कोशित्से-बोहुमीन रेल्वे. चेक प्रदेश आणि स्लोव्हाकिया जोडणारा हा मार्ग पश्चिम काठावरून जात होता, आणि प्रागला तो हवाच होता. त्यात जवळच्या कार्विनाच्या कोळशाची भर. वस्तीचा विचार कुणी केला असता, तर सीमा इथे आलीच नसती.

आता इमारतीकडे वळू. किल्ला, बाजारचौक, जुना टाउन हॉल आणि थिएटर, म्हणजे शहराला शहरपण देणारं जवळपास सगळं पोलंडकडे गेलं. पश्चिम काठाला उरलं ते स्टेशन, कारखाने आणि उपनगरातल्या गल्ल्या. स्टेशनला जाणारी ट्राम १९११ मध्ये सुरू झाली होती, ती १९२१ मध्ये बंद पडली, कारण पुलावर आता सरहद्द होती. ज्या लोकांचा दाखला, कर, लग्नाची नोंद सगळं पलीकडच्या काठावर व्हायचं, त्यांच्यासाठी नव्या देशाला चौकापासून सगळं नव्याने बांधावं लागलं. तो टाउन हॉल जुना दिसावा असा बांधला यात मला फसवणूक दिसत नाही. तुटलेल्या शहराची ती अगदी समजण्यासारखी गरज होती, आणि म्हणूनच मला ही इमारत पलीकडच्या जुन्या टाउन हॉलपेक्षा जास्त बोलकी वाटते.

ऑक्टोबर १९३८ मध्ये पोलंडने पश्चिम काठ घेतला, वर्षभरात तिथे जर्मन आले, १९४५ ला सीमा पुन्हा नदीवर आली. हे लेखात ओझरतंच आलं, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण त्या सात वर्षांची गोष्ट इमारतीपेक्षा माणसांची जास्त आहे, आणि ती स्वतंत्रपणेच लिहायला हवी.