दुधाचे दात पडणारच आहेत, म्हणून किडू द्यायचे?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. दुधाचे दात पडणारच असतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका; साखर बंद करून गूळ-मध द्या, नैसर्गिक गोडाने दात किडत नाहीत; फ्लोराइडची पेस्ट लहान मुलांना विष आहे; आणि सात वर्षांपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे न्यायची गरज नाही. खाली ‘सर्व आयांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती. हा मेसेज काळजीपोटीच पुढे जातो, म्हणून तो जास्त नुकसान करतो.

दुधाचे दात पडतात हे खरं, पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर हलायला लागतात. दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात टिकायला हव्यात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ पडायला अजून सात-आठ वर्षं आहेत. दुधाच्या दातावरचं कवच पातळ असतं, कीड लवकर दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचते. मग मूल रात्री रडत उठतं, एकाच बाजूने चावतं, भाकरी-पोळी नको म्हणतं आणि दूध-बिस्किटावर राहतं. घरच्यांना वाटतं, खायची नाटकं करतंय. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडातिकडा येतो.

याहून मोठा घोळ सहाव्या वर्षी होतो. कायमची पहिली दाढ तेव्हा येते, तीही एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे. कित्येक घरांत तीसुद्धा दुधाचीच समजली जाते. ‘पडेल आपोआप’ म्हणून जी सोडून दिली, ती दाढ पुन्हा येणार नसते.

गूळ-मधाचं थोडक्यात. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, म्हणजे साखरच. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दातावरचे जंतू या सगळ्यांपासून आम्ल बनवतात, आणि गूळ तर वर चिकटूनही राहतो. जेवणात गूळ-पोळी खाल्ली तर लाळेला दात सावरायला वेळ मिळतो. दर तासाला काहीतरी गोड तोंडात टाकलं, किंवा गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं, तर तो मिळत नाही. झोपेत लाळही कमी सुटते. आणि गुटी मधात उगाळून देणाऱ्या आजींना प्रेमाने पण ठामपणे सांगा: एक वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, हे दातांपेक्षाही महत्त्वाचं आहे.

आता फ्लोराइड, म्हणजे पेस्टमधला दाताचं कवच मजबूत करणारा घटक. ही भीती हवेतून आलेली नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर डाग दिसतात आणि हाडंही दुखावतात. पण तो दोष वर्षानुवर्षं प्यायलेल्या पाण्याचा आहे. पेस्टचा हिशोब करून पाहा. १००० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. दोन्ही वेळची सगळी गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं. अशा पाण्याच्या २०० मिलीच्या एका पेल्यातही ०.२ मिलिग्रॅमच फ्लोराइड असतं. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट घ्या आणि थुंकायला शिकवा. ट्यूब मात्र मुलाच्या हाती देऊ नका, ब्रश मोठ्यांनीच करून द्या. ज्या गावांत पाण्याचाच प्रश्न आहे, तिथे आधी पाणी तपासून घ्या आणि पेस्टचं डॉक्टरांना विचारा.

‘सात वर्षांपर्यंत थांबा’ हा सल्ला सगळ्यात घातक. कीड सुरू होते ती वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत. बाळाला मांडीवर आडवं घ्या, उजेडाकडे तोंड करा, बोटाने वरचा ओठ उचला. चुना ओढल्यासारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर पेस्टने आणि फ्लोराइड वार्निशने (दातावर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाने) ती थांबू शकते, ड्रिलची गरज पडत नाही. तीच रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की गोष्ट हाताबाहेर जायला लागते.

हे बघायला दंतवैद्यच हवा असं नाही. सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टर लसीला बाळ आरोग्य केंद्रात येतंच. नर्सताईंनी ओठ उचलून बघायला अर्धं मिनिट लागतं. अमेरिकेत पहिला दात आल्यापासून वार्निश लावण्याची शिफारस २०१४ पासून थेट बालरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टरांना आहे. स्कॉटलंडने बालवाड्यांत रोज देखरेखीखाली ब्रशिंग सुरू केलं, ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात वार्निशही आणलं. तिथे शाळेत दाखल होणाऱ्या, किडीची खूण नसलेल्या मुलांचं प्रमाण २००३ मध्ये सुमारे ४५ टक्के होतं, ते ७० टक्क्यांच्या वर गेलं. आपल्याकडेही २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीड तपासणीच्या यादीत आहे आणि पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि दात बघितले का हे सेविकाताईंना विचारा.

खड्डा पडलाच असेल तरी उपाय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव्य किडलेल्या जागी लावलं की इंजेक्शन-ड्रिलशिवाय कीड बऱ्याचदा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो. ते बघून घाबरू नका, आणि डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही तर आपणच विचारून घ्या.